हाललं

आमच्या घरात गोलला गोल म्हणत नसत. अब्बा म्हणायचे, "हाललं."

घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत मराठी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. त्यात हा एक शब्द घरात असा रुळला होता की तो मूळचा आमचाच वाटायचा. अब्बांचं नांदेडला जुन्या गावात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, पण तरुणपणी ते फुटबॉल खेळले होते, डाव्या बाजूनं पळायचे. त्या काळी मैदानावर दोन बांबू रोवले की झाला गोल. बॉल बांबूंच्या आतून गेला की बाहेरून, यावर खेळापेक्षा जास्त वेळ भांडण चालायचं. पुढे हैदराबादला एका स्पर्धेत त्यांच्या टोळीनं पहिल्यांदा जाळं लावलेला गोल पाहिला. बॉल आत गेला, जाळं हाललं आणि कोणी कोणाची कॉलर धरली नाही. त्यांचा गोलकीपर शेतकऱ्याच्या घरातला होता. गोल आपल्यावरच झालाय हे विसरून तो म्हणाला, "हाललं की रे." तेव्हापासून त्या टोळीत गोलला तोच शब्द झाला. टोळी पांगली, तरी अब्बांनी तो घरी सांभाळून ठेवला.

या एका शब्दापायी मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात भेदरलेला महिना काढला. तशी मी मुळातच भित्री. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आठवीत होते. नांदेडला आमच्याकडे काही पडलं-झडलं नाही. पहाटे नुसती भांडी वाजली, आणि सकाळी अब्बांनी दुकान उघडलं तर लंबकाची दोन घड्याळं त्याच वेळेवर थांबलेली. लोक अंगणात आले, बोलले, चहा पिऊन परत घरात गेले. मी मात्र कितीतरी महिने दाराकडे पाय करून झोपत होते. अम्मी म्हणायची की पोरगी झोपत नाही, पळायची वाट बघत पडून असते.

आणि दहावीला मार्क बरे पडले म्हणून मला पाठवलं कुठं, तर लातूरला.

लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. ज्या गावातून माणसं भिऊन बाहेर पडली होती, त्याच गावात आता आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं-पोरी ट्रंका घेऊन उतरत होती. भिंतीभिंतीवर नंबरात आलेल्यांचे फोटो, आणि फोटोंच्या मागे भेगा सिमेंटनं बुजवलेल्या. सकाळी अंधारात सायकली निघायच्या. रविवारी सकाळी टेस्ट, मंगळवारी भिंतीवर यादी. यादीत आपलं नाव खालून शोधायचं की वरून, एवढाच प्रश्न असायचा. मी खालून सुरुवात करायचे, म्हणजे धक्का कमी बसतो.

खोली शोधायला अब्बा सोबत आले होते. माझं नाव ऐकल्यावर दोन घरमालकांना खोली कालच दुसऱ्याला दिल्याची आठवण झाली. तिसऱ्या घरी मावशी भेटली. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली, चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई. तिनं नाव ऐकलं, त्यावर काही बोलली नाही, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "झोपेतनं लगीच उठती का गं?"

अब्बांनी माझ्या आधी उत्तर दिलं, "जी, एक आवाजमें उठती."

"मग ऱ्हा म्हणा."

घर तिनं दुसऱ्याकडून विकत घेतलेलं होतं. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या. एकीत धान्य, दुसरीत मी आणि रेणापूरकडची एक मुलगी. मावशी स्वतः स्लॅबखाली राहत नव्हती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिनं पत्र्याची एक खोली आणि ओसरी काढली होती, तिथं ती आणि तिचे म्हातारे सासरे. तिचे मालक तालुक्याच्या गावी नोकरीला होते, पंधरवड्यानं यायचे. मावशी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. ताट दारातून आत सरकवायची, झाडू बाहेरून हातात द्यायची, आणि मी तापानं पडले होते तेव्हा दारात बसून राहिली, पण आत आली नाही. कपाळावरची पट्टी कशी बदलायची ते रेणापूरच्या मुलीला बाहेरून सांगत होती.

आमच्या खिडकीत आतल्या बाजूला एक पितळी तांब्या होता आणि त्याच्यावर स्टीलचा पेला उपडा, जेमतेम तोललेला. जमीन हालली की पेला पडतो आणि आवाजानं माणूस जागं होतं. तिकडच्या कितीतरी घरांतून तेव्हा अशी भांडी मांडलेली असायची. आमच्या खोलीतल्या त्या तांब्यात पाणी कधी भरलं गेलं नाही आणि त्या पेल्यानं कोणी प्यालं नाही.

पहिल्याच दिवशी मावशीनं नियम सांगितले. "दाराला आतनं कडी घालायची न्हाई. त्या तांब्याला हात लावायचा न्हाई. आन् थट्टेत सुदिक 'हाललं' म्हणायचं न्हाई. जी म्हणंल तिनं त्याच दिवशी ट्रंक उचलायची."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या आधीच्या वर्षी एका मुलीनं मैत्रिणीची फजिती करायला तो शब्द उच्चारला होता आणि ती संध्याकाळच्या गाडीनं घरी गेली होती. रेणापूरच्या मुलीनं ते गल्लीत ऐकलं होतं. तिनं मला बजावलं, "तू बाकी काय बी बोल. पर त्यो शबूद नको."

मी घाबरून मान डोलावली. आमच्या घरातला सगळ्यात लाडका शब्द तो, आणि इथं त्यासाठी घराबाहेर काढत होते. अकरावीचं वर्ष तसं निभावलं. गाठ पडली ती बारावीत.

बारावीच्या दिवाळीनंतर अब्बांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात आठ दिवस काढून ते घरी आले, ते गोळ्या आणि मनाईहुकूम घेऊनच. जिने चढायचे नाहीत, रागवायचं नाही, जोशात यायचं नाही. देशभरातल्या संघांची राष्ट्रीय लीग नुकतीच सुरू झाली होती, तिचं ते दुसरंच वर्ष. काही सामने टीव्हीवर दाखवायचे. अब्बांनी जन्मभर वाट बघितली होती की कधीतरी या खेळाला क्रिकेटसारखी मांडणी मिळेल, आणि ती मिळाली तर अम्मीनं टीव्हीवर चादर टाकली. हैदराबादवाले लीगमध्ये नाहीत म्हणून अब्बा गोव्याच्या संघाकडून होते. का, तर ते लोक कोकणीत ओरडतात, म्हणजे आपल्या जवळचेच.

मग अब्बांनी मला काम लावलं. मावशीच्या ओसरीवर टीव्ही होता. मी रविवारी दुपारी सामना बघायचा आणि संध्याकाळी फोनवर सांगायचा. आमच्या घरी फोन नव्हता. अब्बा दुकानाशेजारच्या मेडिकलमध्ये येऊन थांबायचे. "आहिस्ता बोल," ते म्हणायचे. "डॉक्टरकू चलता इतना आहिस्ता." आणि मग पहिला प्रश्न, "कित्ते बार हाललं?"

पहिल्या रविवारी मी एसटीडी बूथमध्ये उभी राहून सांगितलं, "दो बार हाललं, अब्बा. पहले हाफमें एक, बादमें एक." काचेबाहेर बूथवाला पान लावत होता. तो ताडकन उठला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी बाहेर आले तर म्हणाला, "कुटं हाललं? नांदेडला का?" मी म्हटलं, घड्याळ. घड्याळाचा काटा हालला म्हणत होते. त्याला पटलं नसावं. त्यानंतर मी फोनवर तोंडावर हात धरून बोलायचे, आणि बूथही बदलला.

ओसरीवर माझ्या सोबतीला मावशीचे सासरे असायचे. आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. भूकंपापासून ते कुठल्याच छपराखाली आत झोपत नव्हते. ओसरीच्या कडेला त्यांची बाज होती, अर्धी पत्र्याखाली, अर्धी बाहेर. त्यांना कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून टीव्हीचा आवाज बारीकच ठेवला तरी चालायचा. आमच्या गल्लीत दुपारी सगळे अभ्यास करायचे, आवाज वाढवायची सोयच नव्हती. आजोबांना सुरुवातीला खेळ पटला नाही. "हातानं धरा म्हणावं की. द्येवानं दिल्यात कशाला." मग हळूहळू त्यांना चव लागली. ऑफसाइड मी त्यांना बांधावरनं समजावून दिला, आणि बांध कोरणारा माणूस म्हटल्यावर त्यांना तो एका क्षणात कळला. गोल झाला की मी ओढणीचा बोळा तोंडात धरायचे. आजोबा माझ्याकडं बघून म्हणायचे, "हां, जाळं नाचलं बग."

एक दिवस सामन्याच्या मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, मावशी आमच्या खोलीत का येत नाही. विचारायला नको होतं. आजोबा टीव्हीकडे बघतच सांगायला लागले, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे. "पयली तीच वरडली, हाललं म्हणून. पयली तीच भायेर आली. म्या तिच्या वरडण्यानंच वाचलो. तिला वाटलं तिची पोरगी मागनं येतीया. मागं बगितलं तर घरच न्हाई." मग म्हणाले, "तवा आठवीत होती. आज तुमच्यासंगं बारावीतच असती."

दुसरा हाफ सुरू झाला. त्यात काय झालं ते मला त्या संध्याकाळी अब्बांना सांगता आलं नाही. त्यानंतर मी आमच्या खोलीत झोपायचे तेव्हा त्या पेल्याकडे बघायची भीती वाटायला लागली. तो पडेल याची नव्हे. तो रोज रात्री तिनं बाहेरून खिडकीतून बघून घेतलेला असायचा, याची.

बोर्डाची परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर आली तेव्हाचा रविवार. गोव्याचा संघ कोलकात्याच्या एका संघाशी खेळत होता. सकाळी टेस्ट वाईट गेली होती. मी मुळीच बघायला बसणार नव्हते, पण शनिवारी अम्मीनं फोनवर सांगितलं होतं की अब्बांना पुन्हा रात्री दम लागला, आणि ते सारखं विचारतायत की उद्या पोरगी मॅच बघणार ना. तेवढ्यासाठी बसले. रेणापूरची मुलगी रात्र-रात्र जागायची, त्यामुळे दुपारची गाढ झोपली होती. मावशी अंगणात न्हाणीपाशी ज्वारी निवडत बसली होती. आजोबा बाजेवर.

गोवा एका गोलनं मागे होता आणि वेळ संपत आली होती. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की अब्बांना काय सांगायचं. हरले, पण चांगले खेळले, तुम्ही गोळी घेतली का. तेवढ्यात डावीकडून एक पोरगा निघाला. किडकिडीत, खांदा पाडून पळणारा. अब्बांचा एकच फोटो आमच्या घरात आहे, त्यात ते असेच खांदा पाडून पळतायत. त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि कोपऱ्यातून अशी मारली की कीपर जागचा हालला नाही. जाळं मात्र पार मागच्या खांबापर्यंत ताणलं गेलं.

मी उभी राहिले आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, "हाललं!"

तो आवाज माझा आहे हेसुद्धा मला नंतर कळलं. आधी ज्वारीचं सूप उपडं झाल्याचं ऐकू आलं. मग पलीकडच्या घरातून तोच शब्द, मग त्याच्या पलीकडून, आणि बघता बघता सबंध गल्ली ओरडत रस्त्यावर. दारं आपटत होती. समोरच्या माडीवरची पोरं जिन्यावरून एकमेकांच्या अंगावर पडत उतरली. कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या तोंडाला साबण, एक बाई पिठाच्या हातानं मूल काखेत धरून. मी ओसरीवर खांबाला धरून उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. थांबा, काही नाही, म्हणायला एवढंच हवं होतं.

मावशी उठली होती. मला वाटलं ती फाटकाकडे पळेल. ती तशी वळलीही. मग थांबली, एक क्षणभर, आणि उलटी फिरून आमच्या खोलीत शिरली.

दीड वर्षात जिनं उंबरा ओलांडला नव्हता, ती स्लॅबखाली गेली. आतून रेणापूरच्या मुलीची किंकाळी ऐकू आली. पुढच्या क्षणी मावशी तिला मनगटाला धरून ओढत बाहेर आली, पायऱ्यांवरून तशीच फरफटत अंगणाच्या मध्यापर्यंत, आणि तिच्या अंगावर पालथी पडून तिचं डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मी असं काही आजवर पाहिलं नव्हतं.

घर पडलं नाही. कावळे ओरडत होते. टीव्हीवर कोणीतरी हलक्या आवाजात गोलाचं वर्णन करत होतं. बऱ्याच वेळानं मावशी उठून बसली. तिला धाप लागली होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "हाललं का खरंच?"

आजोबा बाजेवर होते तसेच बसलेले होते. ते म्हणाले, "हाललं की. म्या डोळ्यांनी बगितलं."

त्यात खोटं काही नव्हतं. फाटकातून आत आलेल्या शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. "मलाबी जाणवलं, पायाखालनं गेलं." "आमच्या फळीवरची बरणी हालली." "बारीकच होता, पर होता." पाच मिनिटांत गल्लीनं आपापला धक्का ठरवून टाकला. समोरच्या माडीवरचा एक मुलगा पाय मुरगळून पायरीवर बसला होता, त्यालासुद्धा धक्का बसलाच होता. मी एकटी अशी होते की जिला ठाऊक होतं, आणि दुसरे आजोबा, जे पुन्हा टीव्हीकडं बघायला लागले होते.

रेणापूरच्या मुलीचं मनगट सुजलं. उजवं. मावशीनं हळद-चुना लावला आणि चिंधी बांधली, आणि तीच पुन्हा पुन्हा म्हणत होती, "लई जोरात धरलं का गं? लई जोरात धरलं." ती मुलगी बिचारी हसायला बघत होती. पंधरा दिवसांवर बोर्ड, आणि तिची पेन धरायची बोटं वांग्यासारखी फुगलेली. तिच्या वडिलांनी दोन वर्षं तिला इथं ठेवली होती आणि ती क्लासच्या यादीत नेहमी वरून शोधायची. तिचं वर्ष गेलं तर ते मी घालवलं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले तेव्हा लोकांनी समजूत करून घेतली की पोर घाबरली.

संध्याकाळी बूथवर गेले. अब्बांनी विचारलं, "कित्ते बार हाललं?"

"एक गोल हुआ, अब्बा. आखिरमें." मी म्हटलं.

त्या घरात जन्मून मी पहिल्यांदाच गोल म्हटलं होतं. मग अब्बांनी हळूच विचारलं, "क्या हुआ बेटी?" मी रडत सगळं सांगितलं. शब्द, मावशी, मनगट. सांगताना एकीकडे भीती, की यांच्या छातीवर याचा भार पडला तर. अब्बा ऐकत राहिले. मग म्हणाले, "बोल दे उनकू."

"निकाल देंगे अब्बा. परीक्षा है."

"तो घरकू आ जा. यहांसे दे परीक्षा. छुपा नक्को."

ज्या माणसाला धक्का बसेल म्हणून मी जिवापाड जपत होते, त्याला कसली भीती नव्हती. सगळी माझ्याचकडं होती. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. खरं कारण सांगायचं तर खोली जाईल ही भीती होतीच, पण तिच्याशेजारी आणखी एक येऊन बसली होती. त्या रविवारपासून मावशी आमच्या खोलीत यायला लागली होती.

सोमवारी सकाळी ती ताट घेऊन सरळ आत आली आणि ट्रंकेवर बसली. आम्ही दोघी बघतच राहिलो. मंगळवारी खोली झाडून गेली. एकदा दुपारी रेणापूरच्या मुलीचं मनगट शेकता शेकता तिथंच भिंतीला टेकून मावशीचा डोळा लागला, स्लॅबखाली, तोंड थोडं उघडं. मी पुस्तक धरून बसले होते, पान उलटायची छाती होत नव्हती. या वेळी आपण पोरीला घेऊन बाहेर आलो, या एका गोष्टीवर ती बाई तिथं झोपली होती, आणि ती गोष्ट मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडल्यामुळे घडली होती. खरं सांगावं तर तिच्या हातून ती काढून घेतल्यासारखं होणार, आणि न सांगावं तर रोज तिच्या हातचं जेवायचं. मला जेवण जाईना. आजोबांकडं बघितलं तर ते नुसते विचारायचे, "आता कंदी हाय गं पुढची म्याच?" मी पुढची मॅच बघितली नाही. लीग कोण जिंकलं तेही मला खूप दिवसांनी कळलं.

रेणापूरच्या मुलीची प्रॅक्टिकलची वही मी लिहून काढली. तिला वाटलं मैत्री. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी तिनं चिंधी सोडली, पेन धरलं आणि पानभर स्वतःचं नाव लिहिलं, पुन्हा पुन्हा. अक्षर थोडं वाकडं येत होतं, पण येत होतं. मी देवाचे आभार मानले, तिच्यासाठी आणि तिच्याहून जास्त माझ्यासाठी.

शेवटचा पेपर झाला. रेणापूरची मुलगी दुपारीच गेली, तिला न्यायला तिचे वडील आले होते. माझी गाडी संध्याकाळची. ट्रंक भरली, गादी गुंडाळली. आता मला कोणी काढू शकत नव्हतं, मी आपणच निघाले होते. एवढं सुरक्षित झाल्यावर माझ्यात धाडस आलं, याची मला आजही लाज वाटते.

मावशी खोलीत येऊन उभी होती. खिडकीतल्या उन्हात तांब्या आणि पेला तसेच होते. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी काही हाललं नव्हतं. मी ओरडले. टीव्हीवर गोल झाला होता. आमच्या घरी त्याला हाललं म्हणतात." पुढं खूप काही पाठ केलं होतं, मनगटाचं, आजोबांचं, अब्बांचं. ते सगळं राहूनच गेलं.

मावशी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. म्हणाली, "तुजा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"आन् प्येला उभाच व्हता," ती म्हणाली. "अंगणातनंच दिसला मला, खिडकीत. उभा व्हता, जरा सुदिक हालला नव्हता."

मला तो क्षण आठवला, ती फाटकाकडं वळली होती आणि थांबली होती तो. "मग आत कशाला गेलात?"

"पोरगी आत व्हती न्हवं," मावशी म्हणाली.

तिनं खिडकीतला पेला उचलला. त्याच्या काठाखाली तांब्यावर धुळीचा गोल उमटला होता. तिनं पेला पदरानं पुसला, दाराबाहेरच्या माठात बुडवला आणि माझ्यापुढं धरला. "पी," ती म्हणाली. "नांदेड येस्तोवर पाणी मिळायचं न्हाई."